अनाथ औषधांची सभा

तो शब्द माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या रविवारी आमच्या भांडुपच्या मंडळाच्या हॉलमध्ये जे घडलं त्याचं श्रेय लोक अजून मला देतात आणि मी ते पुरतं नाकारतही नाही. नाक्यावर कोणी पाठ थोपटली की मी नुसता हसतो. खरं तर माझी चूक झाली होती, आणि ती एका आजारी मुलीने सावरून घेतली.

माझी मुलगी मुलुंडच्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिसरं वर्ष. मागच्या पावसाळ्यानंतर ती आणि तिच्या वर्गातले तिघं, दोन मुलगे आणि एक मुलगी, शनिवारी आमच्या घरी जमायला लागले. मला वाटायचं, अभ्यास चालतो. बायको पोहे करून द्यायची आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसायचो. एकदा पाणी प्यायला आत गेलो तर चौघं तावातावाने भांडत होती. विषय परीक्षेचा नव्हताच. सरकारने कोणत्या औषधांच्या संशोधनाला पैसा द्यावा, कोणाची फी माफ करावी, असलं काहीतरी चाललं होतं.

मी वैतागलो. "अगं, आधी पास व्हा, मग देश चालवा," असं बोलून गेलो.

"काका, दोन्ही एकदम चालू आहे," घाटकोपरहून येणारी मुलगी म्हणाली. बाकीचे हसले. ती त्यांची पुढारी होती. दिसायला बारीक, आवाज मात्र खणखणीत. चालताना काठी घ्यायची. मी समजत होतो, कधीतरी पडली असेल.

ती गेल्यावर मुलीने मला सांगितलं. तिला स्नायूंचा एक आजार आहे. लाखांत एखाद्याला होतो. आधी पाय थकतात, मग हात. गेल्या सत्रापर्यंत प्रयोगशाळेत ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजायच्या काचनळीची, तोटी ती स्वतः फिरवायची. आता माझी मुलगी फिरवते आणि ती आकडा वाचते. परदेशात कुठेतरी त्यावर एक औषध तयार होतंय, माणसांवर चाचण्या सुरू झाल्यात. पण ते इथे आणायला, इथे चाचणी घ्यायला कोणी तयार नाही. पेशंट किती, तर हातावर मोजण्याइतके. कंपनीचा खर्च निघणार कसा?

हे ऐकताना मी माझ्या मुलीकडे बघू शकलो नाही. कारण मी अंधेरीला एका औषध कंपनीत नोकरी करतो, आणि कुठलं औषध किती खपेल याचा अंदाज बांधणं हेच माझं काम आहे. नवं औषध मीटिंगमध्ये येतं तेव्हा त्याच्यापुढे माझा आकडा असतो. आकडा लहान असला की ते औषध पुढच्या मीटिंगला येत नाही. त्यावर वाद होत नाही, कोणी आवाज चढवत नाही. चहा येतो आणि पुढचं औषध पडद्यावर लागतं. इतकी वर्षं मला यात काही खटकलं नव्हतं.

त्या शनिवारनंतर मी त्यांच्यात जाऊन बसायला लागलो. आणि खरं सांगतो, मजा यायला लागली! ही पोरं काय बोलायची! दुर्मिळ आजार वेगळे, दुर्लक्षित आजार वेगळे, हे मला त्यांनी शिकवलं. पहिल्यात पेशंट थोडे म्हणून कोणी औषध शोधत नाही. दुसऱ्यात पेशंट लाखोंनी, पण सगळे गरीब, म्हणून कोणी शोधत नाही. सरकारने आधीच सांगावं की औषध तयार झालं तर आम्ही इतकं विकत घेऊ, अशा औषधांची मंजुरीची फी माफ करावी, सरकारी कॉलेजांच्या प्रयोगशाळांना यासाठी वेगळा निधी द्यावा, आणि देशात असे पेशंट नेमके किती आहेत ते मोजावं, असं त्यांचं मागणं होतं. मी माझ्या कामातलं एकेक सांगायचो आणि पोरं भराभर टिपून घ्यायची. ऑफिसात माझं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

अशाच एका शनिवारी मुलीने विचारलं, "बाबा, असल्या औषधांना ऑर्फन ड्रग म्हणतात. मराठीत काय म्हणायचं रे?"

तोंडात पोहे होते. ते गिळून मी म्हणालो, "ऑर्फन म्हणजे अनाथ. अनाथ औषध."

"झकास, काका!" चष्मेवाला मुलगा ओरडला. "ज्याला कोणी वालीच नाही असं औषध. एकदम बरोबर!"

मी फुगलो. मराठी हा माझा शाळेपासूनचा गर्व.

मग त्यांनी आमच्या खासदारांना गाठायचं ठरवलं. संसदेत प्रश्न विचारला की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर हातात आलं की पुढे कोणाच्या मागे लागायचं ते कळतं, हे घाटकोपरच्या मुलीचं गणित. तिला सहानुभूती नको होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते लवकर हवं होतं. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिचा कप आता दोन हातांनी उचलला जायचा.

खासदारांच्या सहायकाने फोनवर मोकळेपणाने सांगितलं, "साहेब रविवारी तुमच्याच भागात आहेत. दहा मिनिटं येतील. पण हॉल रिकामा दिसला तर गाडीतून उतरणार नाहीत, आधीच सांगतो."

म्हणजे सगळं गर्दीवर होतं. आमच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत लोकांना बोलवायचा एकच खात्रीचा रस्ता आहे, मंडळाचा नाक्यावरचा फळा. कोण गेलं, पाणी कधी येणार नाही, रक्तदान कुठे, सगळं त्याच्यावर. माझं अक्षर चांगलं म्हणून तो फळा मीच लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी रंगीत खडू घेऊन गेलो आणि मन लावून लिहिलं: 'अनाथ औषधांसाठी जाहीर सभा. रविवारी सकाळी, मंडळाचा हॉल. मा. खासदार उपस्थित राहतील. सर्वांनी मदतीस यावे.' मदतीस यावे हे मुलीने सांगितलेलं नव्हतं. वाक्य अर्धवट वाटलं म्हणून माझ्या पदरचं घातलं. खाली दोन फुलंही काढली.

रविवारी सकाळी लोक येऊ लागले आणि माझा ऊर भरून आला. एकेक करत खुर्च्या भरल्या. मग बाया चटईवर बसल्या. दारात चपलांचा ढीग. कोकणातली कुटुंबं आमच्याकडे जास्त, पण खालच्या बुद्धविहाराजवळची मंडळीही आली होती, जी एरवी आमच्या हॉलकडे फारशी फिरकत नाहीत. मी दारात उभा राहून या या म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, शब्दाची ताकद असते बघा.

फक्त प्रत्येकाच्या हातात पिशवी का आहे, हे मला कळेना.

आमच्या मजल्यावरच्या मालवणी मावशी आल्या, मोठी पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "कपडे आणलंय, बिस्किटा आणलंय, घरातल्यो गोळये आणलंय. पोरां खंय आसत?"

"कोणती पोरं, मावशी?"

"अनाथ पोरां रे! ज्यांका औषधां व्हयी ती."

मी मागे वळून बघितलं. जुने फ्रॉक, स्वेटर, तांदळाच्या पिशव्या, एका काकांनी चक्क पाळणा आणला होता. आणि गोळ्या! घराघरांतल्या उरलेल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या, सिरपच्या बाटल्या, मलमं. सगळ्या वस्तीला वाटलं होतं, अनाथाश्रमासाठी औषधं गोळा करतोय.

मुलगी धावत आली. "बाबा, तू फळ्यावर काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"'मदतीस यावे' कोणी सांगितलं?"

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मंडळाचे अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, "वाट लागली. आता खरं सांगितलं तर लोक पिशव्या उचलून घरी जातील आणि साहेब येतील तेव्हा हॉलमध्ये आपण दोघं नि हा पाळणा."

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. महिनोन् महिने राबलेली पोरं आणि एका शब्दाच्या हौसेपायी मी त्यांचा दिवस बुडवला. माफी मागायला मी पोरांकडे वळलो तर घाटकोपरची मुलगी खुर्चीत बसून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काका, कोणाला परत पाठवू नका," ती म्हणाली. "त्या गोळ्या सगळ्या इकडे टेबलावर ओता. आणि मला माईक द्या."

आम्ही ओतल्या. टेबल भरून गेलं. दोन्ही मुलगे सवयीने पट्ट्या उलटून तारखा बघायला लागले. "अर्ध्यांची मुदत संपलीय," एक पुटपुटला. "नंतर रे," तिने त्याला गप्प केलं आणि एक पट्टी वर धरली.

"ही कशाची, कोणी सांगेल?"

"बीपीची!" चार आवाज.

"आणि ही?"

"ॲसिडिटी."

"ही?"

"गुडघ्यांची," एक आजोबा म्हणाले. "हिच्या. मला वाटायचं ही घेते रोज. घेत नाही, हे आज कळलं." हॉलमध्ये हशा पिकला. आजीने पदर तोंडाला लावला.

"बरोबर. आता माझी शोधा," ती म्हणाली. "माझे स्नायू कमजोर होतायत. त्याच्यावरची गोळी यात कुठे आहे का, बघा जरा."

आणि लोक खरंच उठले! मावशी, आजी, बुद्धविहाराजवळचे एक निवृत्त मास्तर, सगळे टेबलाभोवती जमून पट्ट्या उलटसुलट करायला लागले. मी बघत राहिलो. कोणाला ते नाटक वाटलं नाही. पोरीला गोळी हवी, तर शोधायची, इतकं सरळ.

"नाव काय गं तिचं?" मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं.

"नावच नाही तिला, सर. नुसता नंबर आहे. औषध बाजारात यायचं ठरलं की मग कंपनी नाव ठेवते. हिला अजून कोणी घरात घेतलेलं नाही."

सगळ्यांनी हातातल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. मग मावशी म्हणाल्या, "म्हणजे पोरां न्हय, औषधच अनाथ?"

"हां मावशी," ती म्हणाली. "औषधच अनाथ."

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. तिने सगळं सांगितलं, साध्या भाषेत, आम्ही शनिवारी घासूनपुसून तयार केलेलं भाषण बाजूला ठेवून. चष्मेवाला मुलगा दुर्लक्षित आजारांवर बोलायला उठला तेव्हा लोकांची जरा चुळबुळ सुरू झाली होती. तो हत्तीरोगावर बोलला, कुष्ठरोगावर बोलला. मग म्हणाला, साप चावणं हेही यातच येतं.

"फुरसां?" मागून कोणीतरी विचारलं.

"फुरसंही, काका."

झालं! हॉल पेटला. कोकणातल्या माणसासमोर फुरशाचं नाव घेतलं आणि तो गप्प बसला, असं होत नाही. "माझ्या काकाक फुरसां चावललां!" "आमच्या वाडीत दोघांना!" "इंजेक्शन दिलं तरी पाय गेला हो!" एकाच वेळी दहा जण. मुलाने हात वर करून सांगितलं की विष सगळ्या प्रांतांत सारखं नसतं, एकीकडच्या सापांच्या विषापासून बनवलेलं इंजेक्शन दुसरीकडे तितकं चालेलच असं नाही, प्रत्येक भागासाठी संशोधन व्हायला हवं आणि ते करायला कोणी पैसा घालत नाही.

"का घालत नाही?" पाळणावाले काका उठून उभे राहिले. "माणसं मरतात ती काय फुकटची?"

नेमक्या याच गोंधळात खासदार आले. सहायकाने दारातून आधी आत डोकावून पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. साहेबांना बसायला खुर्ची रिकामी करून द्यावी लागली. त्यांनी सगळं ऐकलं, टेबलावरचा गोळ्यांचा ढीग बघितला आणि म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. पण मला एक सांगा, इतक्या कंपन्या आहेत आपल्याकडे. त्या का बनवत नाहीत?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं मी कुठे काम करतो, आणि लोक मोबाईलवर चित्रण करतायत हेही दिसत होतं.

मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. तरी उठलो. कंपनीचं नाव घेतलं नाही, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. पण बाकीचं सांगितलं. आकडा कसा बांधतात, तो लहान असला की काय होतं. "त्यात कोणी दुष्ट नसतो, साहेब," मी म्हणालो. "मीच असतो. मी 'बाजार लहान' असं लिहितो आणि जेवायला जातो. ही मुलगी माझ्या घरी येऊन पोहे खाते. तो लहान बाजार म्हणजे ही."

खासदार माझ्याकडे रोखून बघत होते. "मग तुमचा आकडा कशाने बदलेल?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता! ऑफिसातही नाही. मी भराभर बोलत सुटलो. सरकारने खरेदीची हमी दिली तर बदलेल. फी माफ केली तर बदलेल. पेशंट मोजले गेले तर मला अंदाजाने लहान आकडा टाकावा लागणार नाही, खरा टाकता येईल. मी थांबलो तेव्हा पोरं माझ्याकडे बघून दात काढत होती. सगळं त्यांचंच होतं, शनिवारी शिकवलेलं.

खासदार उठले. "ठीक आहे. मी यात बघतो."

हॉलमधला उत्साह एकदम ओसरला. 'बघतो' म्हणजे काय, हे वस्तीतल्या लहान पोरालाही कळतं. गटाराचं बघतो, पाण्याच्या लाईनीचं बघतो.

घाटकोपरची मुलगी टेबलाचा आधार घेऊन उभी राहिली. "साहेब, बघतो नको. विचारतो म्हणा."

"अगं, तेच ते."

"नाही ना, साहेब. बघायला डोळे पुरतात. विचारायला संसदेत उभं राहावं लागतं."

"विचारतो म्हणा!" मावशी ओरडल्या. मग सगळा हॉल. "विचारतो म्हणा! विचारतो म्हणा!" मास्तरसुद्धा टाळ्या वाजवत होते. खासदार आधी गोंधळले, मग मनापासून हसले. त्यांनी सहायकाला जवळ बोलावलं, तिथेच उभ्याउभ्या प्रश्नाचा मजकूर सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून तिला म्हणाले, "दुर्मिळ म्हणू की अनाथ?"

"दुर्मिळ आणि दुर्लक्षित," ती म्हणाली. "अनाथ म्हटलं तर मंत्रीसाहेब पाळणा पाठवतील."

हॉल किती हसला ते सांगता येत नाही. जाताना साहेब म्हणाले, "विचारतो."

कपडे, तांदूळ आणि पाळणा मंडळाने नंतर खरोखरच्या अनाथाश्रमात पोचवले. गोळ्या पोरांनी कॉलेजमध्ये नेऊन नीट नष्ट करवल्या. सोमवारी ऑफिसात माझ्या वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. "आपलं नाव घेतलं नाहीस ना?" त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. "मग ठीक." बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचंच दिवसभर वाईट वाटत राहिलं. मी अजून तिथेच काम करतो. तोच आकडा बांधतो.

प्रश्न खरंच विचारला गेला. अधिवेशन सुरू झालं आणि एका दुपारी मुलीने मला ऑफिसात फोन केला, नुसती ओरडत होती, शब्द कळेनात. संध्याकाळी चौघं आमच्या घरी. मंत्रालयाचं उत्तर मोबाईलवर आलं होतं. घाटकोपरच्या मुलीला आता तो हातात धरून सरकवणं जड जात होतं, म्हणून माझ्या मुलीने समोर धरला आणि ती वाचत गेली. कोणती मदत सध्या मिळते, याचा मोठा परिच्छेद. शेवटी एक ओळ: अशा औषधांच्या संशोधनास प्रोत्साहन देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

दोन्ही मुलगे हिरमुसले. "म्हणजे काहीच नाही यार."

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, तुमच्याकडे एखादं औषध विचाराधीन असतं, म्हणजे नेमकं काय असतं?"

तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड बोलावं, असा मोह झाला. पण तिच्याशी तसं बोलता येत नाही. मी खरं तेच सांगितलं. "कोणीतरी ते मीटिंगमध्ये आणलेलं असतं. अजून काढून टाकलेलं नसतं."

"काढून टाकलेलं नाही," तिने माझेच शब्द पुन्हा उच्चारले. तिचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला. "म्हणजे आपण आत आहोत. चला, मीटिंग कोणाची असते, कधी असते, ते आधी शोधा. त्या खोलीतही कोणीतरी काकांसारखा आकडा घेऊन बसलेला असणार. त्याच्यापर्यंत पोचायचं."

चष्मेवाल्याने लॅपटॉप उघडला. माझी मुलगी तिच्या शेजारी सरकून बसली. "काका," घाटकोपरची मुलगी म्हणाली, "इकडे या. आकडेवाल्या माणसाला काय लिहिलं की तो जेवायला जाण्याआधी वाचतो, ते सांगा."

मी खुर्ची ओढली आणि सांगायला लागलो.